दिनविशेष : १९ ऑक्टोबर – परक्या अंगणातला पाहुणा

२०१७ साली आजच्या दिवशी हवाई बेटांवरील हालेआकाला पर्वतावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या प्रतिमा तपासताना रॉबर्ट वेरिक यांना एक अंधूक, वेगवान ठिपका दिसला. कक्षा मांडून पाहिली, तर ती सूर्याभोवती बंद होईना. दुसऱ्या ताऱ्याकडून आलेली ही माणसाला सापडलेली पहिलीच वस्तू. नाव ठेवले ‘ओउमुआमुआ’, हवाईयन भाषेत दूरवरून आलेला पहिला दूत.

पाहुणा आला, पण उशिरा कळला. सूर्याला वळसा घालून तो परतीच्या वाटेला लागला होता. आला अभिजित ताऱ्याच्या दिशेकडून. पण तेवढे अंतर कापायला त्याला सुमारे ३ लाख वर्षे लागली असती आणि तेव्हा अभिजित त्या जागी नव्हताच. मग याचे गाव कोणते?

त्याचा प्रकाश काही तासांत सुमारे दहापट कमीजास्त होई. म्हणजे आकार लांबुळका असावा, किंवा पोळीसारखा चपटा. शेपूट नाही, धूळ नाही, तरी त्याची गती निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात बसेना. हार्वर्डच्या आवी लोब यांनी परग्रहवासीयांच्या यानाची शक्यता मांडली आणि वर्तमानपत्रांची चंगळ झाली. बर्फात अडकलेला हायड्रोजन सुटल्याने धक्का मिळाला असावा, हे २०२३चे स्पष्टीकरण त्या मानाने नीरस, पण अधिक पटणारे.

पुढे २०१९मध्ये बोरिसोव्ह आणि २०२५मध्ये अ‍ॅटलास हे असेच पाहुणे सापडले. दोघेही सरळसरळ धूमकेतू निघाले.