नळीची लांबी

बंदुकीची नळी किती लांब असावी, हा प्रश्न शिकाऱ्याचा वाटतो. पण आमच्या लोणखेड्यात, गोमाईच्या काठाला, तो शेतकऱ्याचा प्रश्न आहे. उसात रानडुकरं घुसली की एका रात्रीत पट्टाच्या पट्टा आडवा होतो. खातात थोडं, मोडतात जास्त. सकाळी बांधावर उभं राहून ते पाहिलं की पहिली आठवण बंदुकीची येते. गावातली तरुण पोरं मला विचारतात, "आप्पा, हलकी, आखूड नळीची रायफल घेतली तर? उसात वागवायला सोपी." त्यांना तोंडी सांगतो तेच इथं लिहून ठेवतो. कारण त्यात नुसतं लोखंड नाही, आपल्या तालुक्याचा इतिहासही आहे.

आधी लोखंडाचं बोलू. जुन्या लोकांकडं ठासणीची बंदूक असायची. तोंडातून दारू ओतायची, चिंधी घालायची, छर्रे सोडायचे, गजाने ठासायचं, टोपी बसवायची आणि मग घोडा ओढायचा. ती काळी दारू सावकाश जळते. छर्ऱ्याला पुरता जोर मिळायला नळी लांब लागते, म्हणून त्या बंदुका माणसाच्या खांद्याला लागतील एवढ्या उंच. पुढं काडतुसं आली. त्यातली बिनधुराची दारू लवकर जळते, त्यामुळं बाराबोरच्या नळीत ठरावीक लांबीनंतर जोर फारसा वाढत नाही. तरी बाजारात 28, 30 इंची नळ्या चालतातच, कारण लांब नळी झोकात फिरते आणि नेम धरायला डोळ्याला बरी पडते.

रायफलीचं गणित थोडं वेगळं. नळी एक इंच कापली की गोळीचा वेग सेकंदाला साधारण पंचवीस-तीस फुटांनी कमी होतो, काडतुसाप्रमाणे कमीजास्त. आवाज मात्र वाढतो आणि तोंडाशी जाळ मोठा दिसतो. लोकांना वाटतं आखूड नळीचा नेम वाईट. तसं नाही. नेम नळीच्या ताठपणावर असतो, आखूड आणि जाड नळी छान नेम देते. मग आखूड का घ्यायची? वजनासाठी. डोंगरात दिवसभर चालणाऱ्याला अर्धा किलोसुद्धा जड होतो. जिम कॉर्बेटला चंपावतची वाघीण मारल्याबद्दल 1907 साली .275 रिग्बी रायफल भेट मिळाली होती. हलकी रायफल ती, कुमाऊँच्या चढउतारावर त्याने वागवली. तिथं ते शहाणपण होतं.

आपलं रान तसं नाही. तापीचं खोरं सपाट. डुकराच्या मागं गोळी अडवायला टेकडी नाही. छर्रा दोन-तीनशे मीटरात पडतो, रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर जाते. आणि हंगामात आपल्या उसाच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या झोपड्या असतात, सालदाराचं खोपटं असतं. म्हणून मी पोरांना म्हणतो, बाबांनो, नळीची लांबी नंतर बघू, आधी गोळी कुठं थांबेल ते सांगा.

आता कायद्याचं. इंग्रजांनी 1878 साली हत्यारांचा कायदा केला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरलं. इंग्रजाला भीती डुकराची नव्हती, माणसांची होती. लोकांच्या मनात हा कायदा इतका सलत होता की 1930 च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढं ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यात स्वसंरक्षणासाठी हत्यारांचे परवाने ही एक होती.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला, 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. त्यात शेतकऱ्याचं नाव निघालं. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर तिचा परवाना द्यावा असं कलम 13 मध्ये आहे. ठासणीने काम भागत नसेल तर साध्या नळीची, म्हणजे आत आटे नसलेली दुसरी बंदूक देता येते. पण तिची नळी वीस इंचांहून कमी नको. रायफल या सवलतीत बसत नाही, तिच्यासाठी वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं. आणि कलम 6 म्हणतं, परवान्याशिवाय नळी कापून आखूड करणं हाच गुन्हा.

वीस इंच का? साधी गोष्ट आहे. लांब बंदूक खांद्यावर घेऊन चाललं की चार माणसं बघतात. आखूड नळी घोंगडीखाली जाते. डुकरापासून कोणी बंदूक लपवत नाही. लपवायची ती माणसापासून.

हे आमच्या शहादा तालुक्याला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही. माझं वय तेव्हा शाळेत जाण्याचं. मोठ्या शेतकऱ्यांनी पीकसंरक्षण सोसायट्या काढल्या होत्या, रखवालदार रात्री शेतं फिरायचे. जमिनी गेलेला भिल त्याच जमिनीवर सालदार होता. पोटासाठी कणसं मोडली तरी त्याला चोर म्हणून धरायचे, मारायचे. 1971 साली पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला, माणूस मेला. अंबरसिंग महाराज त्यांच्या बाजूने उभे राहिले, 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी झाली, आणि सालदारांच्या मजुरीचा, गेलेल्या जमिनींचा प्रश्न महाराष्ट्राने ऐकला. आमच्या समाजात पुष्कळांना हा विषय काढलेला आवडत नाही. पण पीक राखायची बंदूक माणसावर फिरली, हे या मातीत घडलं आहे. ते न सांगता बंदुकीचा इतिहास लिहिणं म्हणजे खळ्यातलं भूस ठेवून दाणे फेकणं.

त्याच 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. शिकारीचा शौक संपला. आज डुक्कर किंवा रोही शेत उद्ध्वस्त करत असेल तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. परवान्याची बंदूक असली म्हणजे परवानगी आली असं नाही. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, मग पीक दाण्यावर असो की तोडणीवर. शेतकऱ्याची चिडचिड होते, ती खोटी नाही. नुकसानीचा पंचनामा वेळेवर व्हावा, भरपाई पुरती मिळावी, हे मागायलाच पाहिजे.

तरी कोणी परवाना काढणारच असेल, तर माझा सल्ला सांगतो. रायफल नको. साधी एकनळी बाराबोर घ्या, नळी 28 किंवा 30 इंची. उसाच्या सरीत ती अडखळेल, अडखळू द्या. सरीत शिरायचंच नाही, बांधावर माळ्यावर बसायचं. रात्री हलणाऱ्या पाचटावर बार काढायचा नाही, जनावर डोळ्यांना दिसलं पाहिजे. पहिला बार आभाळाकडं, बहुतेक कळप तेवढ्यानंच पळतो. आणि बंदूक गावातून नेताना उघडी, रिकामी, खांद्यावर, सगळ्यांना दिसेल अशी न्या. सालदाराच्या पोरानेही ती बघावी आणि त्याला भीती वाटू नये, एवढी लांबी मला पुरेशी वाटते.