देव ओळखण्याचा अधिकार

आमचे कामोठे आता नव्या मुंबईतले गजबजलेले उपनगर झाले आहे. पण खाडी जवळच आहे, आणि जुन्या मंडळींचा भरतीचा हिशेब अजून खरा ठरतो. तिथीची पाऊणपट! चतुर्थी असली तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. हाच हिशेब उलटा केला, तर आभाळ भरून आले असतानाही पाण्यावरून तिथी काढता येते. चंद्र दिसत नाही, पण त्याचे काम दिसते.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात ईश्वराला ओळखण्याची एक वाट अशीच सांगितली आहे. सृष्टीवरून स्रष्टा ओळखावा, असे संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस या पंडिताने याची नीट मांडणी केली. पण त्यानेच मर्यादाही घातली. देव आहे, इतके बुद्धीला कळते. त्याच्या अंतरंगातले, उदाहरणार्थ पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य, बुद्धीच्या जोरावर कळायचे नाही. शेजाऱ्याच्या घरात दिवा दिसला म्हणजे आत कोणीतरी आहे हे समजते. त्याच्या मनात काय आहे, ते तो बोलेल तेव्हाच. देवाच्या या बोलण्याला प्रकटीकरण म्हणतात, आणि येशू ख्रिस्तात ते पूर्ण झाले, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे.

इथपर्यंत ठीक. पण देव बोलला, तर त्या बोलण्याचा अर्थ लावायचा कोणी? हा प्रश्न आपल्या मराठी मुलखातल्या एका बाईने विचारला, आणि तोही थेट इंग्लंडात जाऊन.

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले, म्हणून लोकांचा रोष पत्करला. पुराणे सांगत, तीर्थे करीत हे कुटुंब देशभर फिरले. दुष्काळात आईबाप गेले. पुढे 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. विद्या मिळाली, पण शास्त्रे वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले, की स्त्रीला वेदांचा अधिकार नाही आणि तिचा मोक्ष तिच्या हातात नाही. ज्ञान आहे, पण ते घेण्याचा हक्क नाही! ही टोचणी घेऊन त्या 1883 साली विलायतेस गेल्या.

तेथे त्यांना पटवले ते वादाने नव्हे. काशीत वाढलेले नीलकंठशास्त्री गोरे तर्कशुद्ध वाद करीत. स्वतः ख्रिस्ती झालेले हे पंडित. त्यांच्या लेखनाचा बाईंच्या बुद्धीवर परिणाम झाला होताच. पण लंडनजवळ फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करताना त्यांनी पाहिल्या. या बायकांची एवढी कणव तुम्हाला का, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना येशू आणि विहिरीवरची शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. समाजाने दूर लोटलेल्या त्या बाईशी येशू देवाच्या खऱ्या भक्तीविषयी बोलतो. माझ्या मते रमाबाईंच्या साऱ्या चरित्राची किल्ली इथे आहे. तर्काने देव कळला असेल. ओळख पटली ती कोणी केलेल्या कामातून. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आणि लगेच खटका उडाला. चर्च सांगते ते माना, असा सिस्टर जेराल्डिन यांचा आग्रह. रमाबाई म्हणत, त्रैक्याचे हे मत शास्त्रात कुठे आहे ते दाखवा. धर्मोपदेशकांच्या शब्दावर माझा विवेक गहाण टाकणार नाही. जी बाई शास्त्रीबुवांच्या धाकातून सुटली, ती बिशपांच्या धाकात कशी शिरेल? तरी जेराल्डिनबाईंची बाजूही हलकी नव्हती. एकट्या माणसाने आपल्याच बुद्धीने लावलेला अर्थ आपल्याच आवडीचा असू शकतो. शेकडो वर्षांच्या मंडळीची साक्ष त्याला आवर घालते. हा वाद पत्रांतून चालला, आणि ती पत्रे 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. शिक्षकमंडळींनी ती जरूर मिळवून वाचावीत.

गंमत अशी की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी बाईंना जाणवले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. 1907 सालच्या आपल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे. ग्रंथ माहीत असणे वेगळे आणि ज्याच्याविषयी तो ग्रंथ आहे त्याच्यावर भार टाकणे वेगळे, हा भेद त्यांना तेव्हा कळला.

पुढे दुष्काळातल्या मुली आणि विधवा यांना घेऊन त्यांनी केडगावला मुक्तिसदन उभे केले. तिथे बसून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कशासाठी? सगळे बायबल मूळ भाषांतून सोप्या मराठीत आणायचे, जेणेकरून थोडे शिकलेल्या बाईलाही कोणाला न विचारता ते वाचता येईल. खिळे जुळवायचे आणि छापायचे कामही सदनातल्या स्त्रियाच करीत. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण भाषांतर 1924 साली बाहेर पडले.