बुडविलेल्या अक्षरांचा पुनरुद्धार

छापील पान हातीं घेतलें म्हणजे वाचकाची दृष्टि मजकुराकडे जाते. तो मजकूर ज्या खिळ्यांनीं कागदावर उमटविला, त्यांची आठवण सहसा कोणास होत नाहीं. तथापि अक्षरांनाही कुळ आहे, आयुष्य आहे आणि मरणही आहे. अशा एका अक्षरमालेची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. ती दूरदेशची खरी, परंतु तिचा बोध आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोंचतो.

इ. स. १९०० सालीं लंडनच्या हॅमरस्मिथ भागांत टी. जे. कॉब्डेन-सँडरसन व एमरी वॉकर या दोघांनीं डव्ह्‌ज प्रेस नांवाचा छापखाना काढिला. पंधराव्या शतकांत व्हेनिस येथें छपाई करणाऱ्या निकोलस जेन्सनच्या अक्षरांचें वळण पुढें ठेवून त्यांनीं एडवर्ड प्रिन्स या निष्णात कारागिराकडून पोलादी ठसे कोरवून घेतले. ठशांवरून मातृका झाल्या व मातृकांतून खिळे ओतले गेले. अक्षर एकाच आकाराचें. चित्रांचा आधार नसल्यानें पानाचें सारें सौंदर्य अक्षरांवर व मोकळ्या जागेवर तोललेलें असे. याच खिळ्यांनीं, हातानें चालविण्याच्या यंत्रावर, १९०३ ते १९०५ या काळांत इंग्रजी बायबल पांच खंडांत छापून निघालें.

पुढें भागीदारांत वितुष्ट आलें. कॉब्डेन-सँडरसनच्या मरणानंतर अक्षरें वॉकरकडे जावींत असा करार झाला होता; परंतु मनुष्याच्या हाताखेरीज अन्य शक्तीनें चालणाऱ्या यंत्रास आपलें अक्षर लागावें, ही कल्पनाच त्याला सहन होईना. १९१३ सालीं त्यानें ठसे व मातृका थेम्स नदींत टाकून दिल्या. पुढें ऑगस्ट १९१६ पासून जानेवारी १९१७ पर्यंत, पंचाहत्तरी गांठलेला हा वृद्ध रात्रीच्या अंधारांत खिळ्यांच्या पुड्या घेऊन हॅमरस्मिथच्या पुलावर जाई व त्या पाण्यांत सोडून देई. शंभराहून अधिक फेऱ्यांत एक टनावर धातु नदीच्या तळीं गेला. त्याची कलानिष्ठा खरी होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या वस्तूवर दुसऱ्याचाही हक्क आहे ती नष्ट करणें हा अन्यायच होय, आणि निष्ठेनें केला म्हणून अन्यायाचा न्याय होत नाहीं.

एक गोष्ट मात्र त्याला बुडवितां आली नाहीं: छापलेलीं पानें. २०१० सालीं रॉबर्ट ग्रीन या अक्षरकारानें तीं पानें पुढें घेऊन काम आरंभिलें. हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. खिळा कागदावर दाबला कीं शाई कडेबाहेर पसरते. एकच अक्षर एके ठिकाणीं जाड, दुसरीकडे बारीक उमटतें. म्हणून एकाच अक्षराचे अनेक छाप ताडून पाहावे लागतात, आणि शाईच्या आड धातूची खरी कड कोठें असावी हें अनुमानानें ठरवावें लागतें. हें श्रम घेऊन ग्रीननें २०१३ सालीं तीं अक्षरें संगणकासाठीं सिद्ध केलीं. पुढच्या वर्षीं ओहोटीच्या वेळीं नदीकांठीं त्याला कांहीं खिळे सांपडले, आणि नोव्हेंबर २०१४ मध्यें पाणबुड्यांच्या साह्यानें सुमारें १५० खिळे वर आले. त्यांवरून त्यानें आपल्या अक्षरांत पुन्हां दुरुस्ती केली. ज्या यंत्रांचें भय बाळगून अक्षरें बुडविलीं, त्यांहूनही नव्या यंत्रानें तीं तारिलीं!

आतां आपल्या घराकडे वळूं. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत राशोल येथें छापलें गेलें. मराठी लिपीचे खिळे नसल्यामुळें तें रोमन अक्षरांत निघालें. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या झाल्या. परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. काव्य वांचलें तें भाविकांनीं जपलेल्या हस्तलिखितांमुळें; त्यांच्याच आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुन्हां छापतां आलें. मात्र राशोलच्या त्या छापील पानावर अक्षरें कशीं दिसत होतीं, हें पाहण्याचें भाग्य आम्हांस नाहीं.

या दोन हकीकती शेजारीं ठेविल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. हॅमरस्मिथला धातु गेला, पानें राहिलीं, म्हणून अक्षरें परत आलीं. राशोलला पानें गेलीं, आणि त्यांबरोबर अक्षरांचें रूपही गेलें. वाचकहो, आपल्या घरांतील जुन्या पेटींत वडिलांच्या वेळची एखादी प्रार्थनापुस्तिका, लग्नपत्रिका वा नोव्हेनाचें पान असेल. तें जीर्ण झालें म्हणून टाकूं नका. आज तें कोणाच्या उपयोगाचें न दिसो. उद्यां एखादा धीराचा मनुष्य येईल व त्या विटलेल्या शाईतून हरवलेलें कांहीं परत उभें करील. त्याच्यासाठीं तें पान जतन करणें हें आपलें काम आहे.