नाण्याचे वजन आणि भिक्खूंचे चीवर

शिराळा तालुका कराड व कोल्हापूर या दोन प्राचीन नगरांच्या दरम्यान वसलेला आहे. उत्तरेस कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आहे. दक्षिणेस वारणा ओलांडून गेले की कोल्हापूरची ब्रह्मपुरी लागते. तेथे 1945-46 च्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उजेडात आले. अशा मुलखात नांगराच्या फाळाला एखादे जुने नाणे लागले तर नवल नाही. नाणे हाती आले की त्यावर काय लिहिले आहे, त्याची किंमत किती येईल, हे प्रश्न लगेच विचारले जातात. त्याचे वजन किती, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक हाच प्रश्न प्रथम विचारावयास हवा, असे आमचे मत आहे. नाशिकच्या लेण्यांतील एका शिलालेखावरून त्याचे कारण ध्यानात येईल.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने नाशिक येथील 10 क्रमांकाचे लेणे वर्ष 42 मध्ये चातुर्दिश भिक्खुसंघास अर्पण केले आणि 3000 काहापण अक्षयनिधी म्हणून दिले. हे धन गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले गेले. पैकी 2000 वर दरमहा शेकडा 1 व 1000 वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज 240 काहापण होते. वर्षावासातील 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 काहापण चीवरासाठी द्यावयाचे होते. वीस बारे दोनशे चाळीस! हिशेब एका नाण्यानेही चुकलेला नाही.

परंतु बारा काहापणांत चांदी किती होती? जुन्या आहत कार्षापणाचे प्रमाण 32 गुंजांचे, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम मानले जाते. नहपानाचे चांदीचे नाणे मात्र सुमारे 2 ग्रॅम भरते. पहिल्या मापाने एका भिक्खूच्या चीवरासाठी सुमारे 42 ग्रॅम चांदी येते, दुसऱ्या मापाने अवघी 24 ग्रॅम. शब्द एकच, आकडाही एकच. पण दानाचे मोल जवळजवळ निम्मे होते. शिलालेख नाण्यांची संख्या सांगतो. त्यांतील चांदी जाणावयाची तर प्रत्यक्ष नाणेच तराजूत घालावे लागते.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. 1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाची 13 हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांपैकी 9 हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. येथे सत्ता बदलली, ठसा बदलला. परंतु नाणे वितळविले गेले नाही, त्यातील चांदी तीच राहिली. बाजारातील व्यवहार फारसा विस्कटू नये, हा त्यामागील हेतू असावा, असा तर्क करता येतो.

कोल्हापूर परिसरातील शिशाची व पोटीनची नाणीही या दृष्टीने बोलकी आहेत. त्यांवर धनुष्यबाण असून विळिवायकुर व सिवलकुर ही नावे आढळतात. एका राजाच्या ठशाखाली दुसऱ्याच्या ठशाच्या खुणा दिसतात. त्यावरूनच वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर हा क्रम अभ्यासकांनी ठरविला. ठशाच्या कडा घासून पुसल्या असत्या तर हा क्रम कायमचा हरवला असता.

झीजदेखील पुरावा असते. धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांनी तक्षशिलेची आहत नाणी तोलून दाखवून दिले की, हाताळणीने नाणे झिजते आणि वजनातील घट त्याच्या चलनातील काळाची साक्ष देते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 1923 साली प्रसिद्ध झालेल्या रुपयावरील आपल्या ग्रंथात चलनाच्या प्रमाणाचा प्रश्न मुळापासून तपासला. 1835 च्या कायद्याने रुपयाचे वजन 180 ग्रेन व त्यातील शुद्ध चांदी 165 ग्रेन ठरली होती. अशा प्रमाणावर विसंबूनच सामान्य माणूस आपली मजुरी मोजून घेतो. प्रमाण ढळले की तोटा प्रथम त्याच्याच वाट्यास येतो.

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे. शेतात नाणे सापडल्यास ते चिंचेने वा आम्लाने घासू नये. त्यासरशी वजन घटते व अक्षरे जातात. सोनाराच्या तराजूवर ते तोलावे, व्यास व जाडी मोजावी, कोणत्या शेतात व किती खोलीवर मिळाले ते लिहून ठेवावे. 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या गुप्तनिधीची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे, याचेही भान ठेवावे. उषवदाताच्या दानातील चीवरे कधीच विरून गेली. त्या दानाचे खरे माप आता केवळ या लहानशा चकत्यांपाशी उरले आहे. ते वितळविले तर आपल्याच इतिहासाचा हिशेब आपल्या हातून पुसला जाईल.