दुसरे भीमसेन

आमच्या आजोबांच्या लेखी भीमसेन एकच, गदगचे, गाणारे. काकूने १९७७ साली ‘घरौंदा’च्या जाहिरातीतलं दिग्दर्शकाचं नाव वाचून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले म्हणे, “अरेच्चा, पंडितजी सिनेमे कधीपासून काढायला लागले?” हा किस्सा इतक्यांदा ऐकलाय, की मी स्वतः तिथे होतो की नव्हतो हेही आता सांगता येत नाही.

पण हे दुसरे भीमसैनही लखनौला शास्त्रीय गाणं शिकलेले. जन्म मुलतानचा, १९३६चा. फाळणीत घर सुटलं, कुटुंब लखनौला आलं. तिथे चित्रकला आणि गाणं गिरवून ते मुंबईत फिल्म्स डिव्हिजनला लागले, कार्टूनपटांतल्या चित्रांची पार्श्वभूमी रंगवायला. सिनेमाआधी लागणारी फिल्म्स डिव्हिजनची रिळं काकांना अजिबात आवडत नसत. तेवढ्या वेळात ते बाहेर शेंगदाणे खाऊन येत. आजी मात्र जागची हलायची नाही. पैसे मोजलेत, तर सगळं बघायचं! त्यातल्या एखाद्या रिळात भीमसैनांनी रंगवलेलं झाड तिने नक्की पाहिलं असणार.

पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. तिथे घाई करणारा माणूस टिकत नाही. पुढे त्यांनी स्वतंत्रपणे केलेल्या ‘द क्लाइम्ब’ला शिकागोच्या महोत्सवात ‘सिल्व्हर ह्यूगो’ मिळालं, आणि १९७४ साली आला ‘एक अनेक और एकता’. कल्पना विजया मुळ्यांची, संगीत वसंत देसायांचं, चित्रं हलवली राम मोहन यांनी, आणि त्यातला लहान मुलीचा आवाज दाभोळच्या साधना सरगमचा. हिंदीतल्या सात मिनिटांत केवढी मराठी मंडळी! गिरगावात शेजाऱ्यांकडे टीव्ही होता. काकू तांदळाच्या पिठाची उकड केळीच्या पानावर वाढून, वर कच्चं तेल घालून आम्हाला तिकडे धाडायची. त्या कार्टूनपटातली जाळ्यासकट उडालेली पाखरं माझ्यासाठी अजून उकडीच्या वासाची आहेत.

आणि मग तीनच वर्षांनी याच भीमसैनांनी ‘घरौंदा’ काढला. मुंबईत ओनरशिपच्या ब्लॉकसाठी पैपै साठवणारं एक जोडपं, पैसे बुडवणारा बिल्डर. आमच्या काकांचेही पैसे कल्याणच्या बाजूला असेच अडकले होते. किती, ते घरात कुणी कधी मोठ्याने बोललं नाही. त्या वर्षी दिवाळीला कुणाला नवे कपडे नव्हते एवढं आठवतं. जयदेवांची गाणी सगळ्या चाळीच्या तोंडी होती, काका मात्र ती लागली की रेडिओ बारीक करत.

काकूचं भांडण वेगळंच. तिने डॉ. लागूंचा ‘नटसम्राट’ पाहिलेला. त्यामुळे लागूंनी रंगवलेल्या म्हाताऱ्या, आजारी मोदीसाहेबांशी लग्न कर, म्हणजे पैसा आपलाच, असं पालेकर झरीना वहाबला सुचवतो, तेव्हा ती भर थेटरात “मेल्या!” म्हणाली होती. लागूंना त्या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं, हे ती आपल्याच घरी बक्षीस आल्यासारखं सांगायची. मला वाटतं, पाखरं एकजुटीने जाळं घेऊन उडाली, हे चित्रांत दाखवलेल्याच माणसाने खऱ्या माणसांना ते जमत नाही असंही दाखवलं, आणि तेही कुणाला खलनायक न करता. चित्रकाराची नजर म्हणायची ती हीच. काकूला हे पटलं नाही.

‘दूरियाँ’ १९७९चा, शर्मिला टागोर आणि उत्तमकुमारचा. तो आमच्याकडे कुणी पाहिल्याचं ऐकिवात नाही. ‘ज़िंदगी मेरे घर आना’ तेवढं सगळ्यांना पाठ. पुढे भीमसैन दूरदर्शनसाठी मालिका करत राहिले, ‘लोकगाथा’सारख्या चित्रमालिकेसाठी पुन्हा चित्रांकडेही वळले. १७ एप्रिल २०१८ रोजी ते मुंबईत गेले. विजयाबाई पुढच्या वर्षी.

तुमच्या घरी सत्तरच्या दशकात ब्लॉक बुक केलेलं कुणी असेल, तर त्यांच्यासोबत एकदा ‘घरौंदा’ बघा. सिनेमा मधेच थांबवावा लागेल, एवढं ते बोलतील.