बुलेटची किक

१९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि इंग्लंडहून आलेल्या सुट्या भागांतून ३५० सी.सी.ची बुलेट येथे जोडली जाऊ लागली. श्रोतेहो, त्या पिढीच्या गाडीची किक म्हणजे तिची साक्षच होय. ती ऐकून घ्यावी लागते.

किक दाबताना पायाला विरोधच जाणवला नाही, तर क्लच घसरत असावा, किकचे दाते झिजले असावेत किंवा सिलिंडरमधील दाब टिकत नसावा. दाब पुरेसा असूनही इंजिन मुके राहिले, तर प्लग काढून पाहावा. तो कोरडा असल्यास पेट्रोल पोचत नाही; ओला असल्यास ठिणगीवर संशय घ्यावा. किक उलटून पायावर आली, तर ठिणगी वेळेआधी पडते, असे समजावे.

वडिलांची बुलेट आम्ही भंगारात काढण्याच्या बेतात होतो. कार्बुरेटर बदलून झाला होता, प्लगही. दोष अखेर सापडला तो डीकॉम्प्रेसरच्या अति ताणलेल्या तारेत! तिने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरला होता. दाब राहणार कोठून? तार सैल केली आणि तिसऱ्या किकेला गाडी बोलू लागली. साक्ष पुरती ऐकण्यापूर्वीच आम्ही निकाल देऊन बसलो होतो.