साष्टीचे ख्रिस्ती आणि सरकारी दप्तर

मुंबईच्या साष्टी बेटावर अंधेरीच्या मरोळपासून बोरिवलीपलीकडच्या गोराईपर्यंत ज्या ईस्ट इंडियन लोकांची जुनी गावठाणे पसरलेली आहेत, त्यांचा इतिहास चाळताना असे ठळकपणे जाणवते की, हे लोक ख्रिस्ती आहेत याची दखल प्रत्येक राजसत्तेने घेतली. परंतु त्या ख्रिस्तीपणाच्या आतल्या श्रद्धेशी कोणत्याही दप्तराला फारसे कर्तव्य नव्हते.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई व साष्टी पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि पुढे फ्रान्सिस्कन साधूंनी बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवर आपला मठ उभारला. तेथल्या एका भिंतीवर कोरलेला क्रूस आजही पाहावयास मिळतो. धर्मांतर राज्यकर्त्यांच्या छत्राखाली झाले हे खरे. पण १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, युरोपीय पाद्री निघून गेले, आणि जुन्या धर्मात परतण्यास आडकाठी उरली नाही, तेव्हाही देशी पाद्र्यांच्या आधाराने ही रयत आपल्या चर्चला धरून राहिली. या निष्ठेला केवळ सत्तेची सावली म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तीच माणसे लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणीत, घरी मराठी बोलत, आणि नव्या भाताच्या लोंब्या आगेऱ्याच्या सणाला पाद्र्याकडून आशीर्वादित करून घेत.

इंग्रजी अमलात गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या कॅथलिकांची आडनावे डिसूझा, परेरा अशीच, प्रार्थना त्याच, संस्कारही तेच. आपण कंपनी सरकारची जुनी प्रजा असून पोर्तुगालच्या प्रजेहून निराळे आहोत, हे हुद्दे वाटणाऱ्या साहेबास कळावे, म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, साष्टीकरांनी कंपनीचेच नाव घेऊन ‘ईस्ट इंडियन’ ही संज्ञा स्वीकारली आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांत ही जी भिंत उभी राहिली, ती धर्ममताची नव्हती, उपजीविकेची होती. आणि उपजीविकेची चिंता क्षुद्र नसते.

याच समाजातील जोसेफ बॅप्टिस्टा, ज्यांना सारी मुंबई ‘काका’ म्हणे, ते टिळकांचे सहकारी झाले, १९१६ साली होमरूल लीगचे अध्यक्ष झाले आणि १९२५ साली मुंबईचे महापौर. सरकारनिष्ठेसाठी घेतलेल्या नावाच्या समाजातून स्वराज्याचा असा पुरस्कर्ता निघावा, यातच त्या नावाच्या राजकीय अर्थाची मर्यादा दिसते; बॅप्टिस्टांचे राजकारण त्यांच्या विवेकातून आले होते.

परंतु मतदारांच्या याद्या विवेकावर बनत नाहीत. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने हिंदी ख्रिस्ती मतदारांचा स्वतंत्र वर्ग ठरवून मुंबई विधानसभेत त्यांस ३ जागा दिल्या. त्या वर्गात येण्यास ख्रिस्ती धर्माचा कोणताही पंथ मानणारा, एवढीच ओळख पुरेशी होती, मग तो रोज मिस्साला जाणारा असो वा वर्षातून एकदा नाताळला. श्रद्धा मोजण्याचे माप सरकारपाशी नसते, ते नसावेच. मात्र मोजता येणारे नाव हेच मत, असे धरून प्रतिनिधित्वाची वाटणी झाली, हा दोष गंभीर होता. १९४९ च्या मे महिन्यात घटना समितीने धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागांची तरतूद सोडून दिली, तेव्हा समितीचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी आणि जेझुइट सभासद फादर जेरोम डिसूझा हे दोघे ख्रिस्ती त्या निर्णयाच्या बाजूने होते. साष्टीच्या अनेक ईस्ट इंडियन रहिवाशांची आजची एक मागणी मात्र धर्माची नसून, गावठाणांच्या हद्दी निश्चित करून त्यांची सरकारी नोंद व्हावी, ही आहे, आणि ती मान्य होणे न्यायाचे आहे.